अक्काच्या टाकीत उरलेला गॅस

अक्का, तू गेलीस तेव्हा टाकीत गॅस उरला होता. तुझ्याबद्दल लिहायला बसले की हेच वाक्य पहिलं येतं. खोडलं तरी परत तेच येतं. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझी आंदोलनं हे सगळं मोरे सर शोकसभेत सांगणार आहेत, आणि चांगलंच सांगतील. मला मात्र तू गाडीच्या मागच्या चाकाला टेकून बसलेली दिसतेस, आणि त्याच्या पुढे माझं डोकं जात नाही.

मंगळवेढ्याचा दौरा संपवून आदल्या संध्याकाळीच आपण आलो होतो. दौऱ्यावरून आलं की दुसऱ्या सकाळी तुझं काम ठरलेलं. वाटीत साबणाचा फेस करायचा, ब्रशनं गाडीखालच्या गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडावर लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. मी घरात चहा ठेवत होते आणि मंगळवेढ्यात तू भाषण विसरलीस त्यावरून तुला चिडवत होते. "मंजू, टॉर्च आण गं जरा," म्हणालीस. मी टॉर्च घेऊन आले तर तुझं डोकं चाकाला टेकलेलं, ब्रश हातातच. मी विचारलं, "काय दिसलं?" आणि तुझ्याशेजारी वाकून बघायला लागले. तू गेलेली होतीस, अक्का, आणि मी टॉर्च मारून जोड बघत होते. फेस तसाच होता. बुडबुडा एकही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. बाबांनी मान हलवली. तुझा धाकटा भाऊ, आयुष्यभर यंत्रमागाच्या खडखडाटात मोठ्यानं बोलणारा माणूस. त्यानं त्या मान हलवण्यानंतर बोलणंच टाकलं.

तुला दवाखान्यातून घरी आणेपर्यंत गल्लीत बातमी तयार होती. अक्का गॅसनं गेली. टाकी फुटली म्हणं. ज्या गाडीखाली ती टाकी धडधाकट लटकत होती, त्या गाडीला टेकून लोक हे बोलत होते. मी दारात जाऊन ओरडले, "फुटली असती तर तुम्ही इथं उभे राहून बोलला असता का?" तू आत चटईवर, आणि मी उंबऱ्यावर गॅसचं शास्त्र सांगतेय. तुला ते आवडलं असतं अशी मी समजूत करून घेतली आहे. का तू म्हणाली असतीस, "मंजू, आज तरी गप्प बस"? मला खरंच माहीत नाही.

तुझ्या त्या गाडीला गल्ली "अक्काचा बंगला" म्हणायची. शाळेतून निवृत्त झालीस आणि पुण्याच्या एका हौशी माणसाकडून ती जुनी मिनीबस घेतलीस. आत दोन बाकडी, म्हणजे रात्रीचे पलंगच, एक मोरी, दोन बर्नरची शेगडी. पोटाखाली कायमची बसवलेली गॅसची टाकी, घरच्या सिलिंडरसारखी उचलून बदलता न येणारी. उरलेल्या सगळ्या जागेत पत्रकांचे गठ्ठे. त्या वयात मोठी गाडी चालवायला शिकलीस. मोहोळला पहिल्यांदा बस मागे घेताना चहाच्या टपरीचं छप्पर उडवलंस आणि टपरीवाल्यालाच दहा पत्रकं देऊन आलीस.

मी पत्रकांवरच वाढले. माझं पहिलं जोडाक्षर "हक्क"मधलं. इतर पोरी बाहुल्यांना निजवायच्या तेव्हा मी विडी कामगार बायकांच्या मागण्यांच्या घड्या घालायचे, आणि घडी वाकडी झाली की तू ती उलगडायला लावायचीस. पुढे मी लिहायला लागले तेव्हा माझी उद्गारचिन्हं तू निर्दयपणे खोडलीस. "एवढं ओरडलीस तर वाचणारी बाई कागद बाजूला ठेवते. तिच्यावर घरात सगळेच ओरडतात की." मी तणतणायचे. छापून आलं की तेच वाक्य बरं वाटायचं, पण ते मी तुला सांगत नव्हते. आता ज्या वाक्यावर अडते तिथं मान वर करून तुझ्या खुर्चीकडे बघते. तिथं बाबांचा टॉवेल वाळत असतो.

आणि मोहोळ. तुझ्यामाझ्यातलं हे भांडण मिटलेलं नाही आणि आता ते मिटवायला तू नाहीस. "मेल्यावरचं जेवण" हे पत्रक तू लिहिलंस. त्याच्या शेवटी स्वतःच्या नावानिशी छापलंस, की माझ्यामागे माझ्या नावानं पान वाढू नये. मी ते पत्रक जेऊरच्या स्टेशनवर वाटलंय, लोकांच्या शिव्या खात. आणि तीच तू, मोहोळात एका बाईचा नवरा गेला होता तिच्या घरी, दिवसाच्या पंगतीत जाऊन बसलीस. जेवलीस. भात मागून घेतलास. मी बाहेर उन्हात उभी राहिले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "हे काय होतं?" तू गिअर टाकलास आणि म्हणालीस, "सांगते नंतर." सोलापूर आलं तरी सांगितलं नाहीस. त्यानंतरही नाही. मला अजूनही वाटतं की तू चुकलीस. तुझ्याकडे काही उत्तर असेल तर ते तू देऊन जायला हवं होतंस.

तुला विधीशिवाय निरोप दिला. बाबांनी अडवलं नाही. शेजारच्या लक्ष्मीमावशीनं, जिच्याबरोबर तू पन्नास वर्षं भिंतीवरून बोललीस, तिनं तेवढं विचारलं, "दिवस कवा घालायचा गं?"

"घालायचा नाही, मावशी. अक्कानं छापून ठेवलंय."

"छापलंय ते वाचाय मला येतंय कुटं," ती म्हणाली आणि विड्या वळायला बसली.

मग मोरे सर आले. पत्रकं काढणाऱ्या आपल्या मंडळात तुझ्याबरोबर वीस वर्षं काढलेला माणूस, तेही हादरलेत, काहीतरी करत राहायचं म्हणून करतायत. त्यांची कल्पना अशी की शोकसभेला तुझी गाडी मंगळवेढ्याला न्यायची आणि तिच्या मागच्या बाजूला लोखंडी चौकट जोडून तुझा मोठा फोटो लावायचा. फोटोला माझा विरोध आहे आणि तो मी बैठकीत मांडणार आहे. पण चौकट जोडायची म्हणजे वेल्डिंग, आणि वेल्डिंग करायचं ते नेमकं टाकीच्या वर. अक्कलकोट रोडचे बसूअण्णा मशीन घेऊन हजर झाले. तेच बसूअण्णा, ज्यांनी तुझी मागची पायरी तीनदा जोडून दिली आणि प्रत्येक वेळी तुझ्याशी भांडून गेले.

"आधी टाकी रिकामी करायला हवी," मी म्हणाले.

"रिकामीच हाय की ओ ताई. काटा बघा, शून्यावर निजलाय."

"काटा अडकलाय, अण्णा. अक्का उन्हाळ्यापासून त्याला शिव्या देत होती."

त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांना मशीनपासून लांब उभं केलं, आत जाऊन शेगडी पेटवली. निळी, ताठ ज्योत. बसूअण्णांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "आगागा. तुमच्या अक्कानं वाचिवलं की." टाकीकडे बोट दाखवत म्हणाले, "मग नळी सोडू. वारं सुटलंय. जातंय उडून."

तू मला हे जेऊरला शिकवलं होतंस, गाडीच्या सावलीत. बादलीतलं पाणी जमिनीवर ओतून दाखवलंस. "हा गॅस धुरासारखा वर जात नाही, मंजू. असा पसरतो. उतार शोधतो. गटारात उतरतो, खड्ड्यात बसून राहतो, आणि कुणाच्या तरी चुलीपाशी पोचतो. सोडणारा मात्र वर बघत असतो, उडाला म्हणून." आपल्या अंगणाचा उतार गटाराकडे आहे, आणि गटार लक्ष्मीमावशीच्या पाणी तापवायच्या चुलीजवळून जातं. तुझं पाणी मला तिथपर्यंत वाहताना दिसलं. मी गाडीखाली टाकीला पाठ लावून बसले.

"ताई, उठा की. मोर्चात बसल्यागत काय बसलाय?"

"बसलेच आहे. उठवून दाखवा."

मोरे सर खाली वाकले. "मंजू, रविवारी सभा आहे. अडवतेस कुणाला? आपल्याच माणसांना?"

"मरायची ती आपलीच माणसं आहेत म्हणून अडवतेय, सर."

त्यांना ते लागलं. मलाही बोलल्यावर लागलं. पण सभा पुढे ढकलली गेली.

मग फोन. गॅस एजन्सीवाला म्हणाला, आमचा सिलिंडर असेल तर आणा, टाकीला आम्ही हात लावत नाही. शेवटी पुणे रस्त्यावर गाड्यांना गॅसच्या टाक्या बसवणाऱ्या एका कारखान्यात नीट बोलणारा माणूस मिळाला. तो म्हणाला, तिथं काही सोडू नका. गाडी उघड्यावर, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून शेगडीवर जळेल तेवढा जाळा, कुणीतरी सतत समोर बसा. ज्योत विझली म्हणजे टाकी रिकामी झाली असं धरू नका, आत गॅस राहतोच. व्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी घेऊन या. उरलेला आम्ही नायट्रोजन भरून बाहेर काढू, यंत्रावर तपासू, टाकी उतरवू. त्यानंतर वेल्डिंग.

म्हणजे आता तुझा गॅस जाळायचा होता. आणि गॅस कशावर जाळतात? अन्नावर. घरात नुकतं मरण, दारात तुझी गाडी, तीत चूल पेटलेली, वर भात. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी ठरवलं की अन्न शिजवायचं नाही. मी पाणी उकळायला ठेवलं.

अक्का, सोलापूरच्या उन्हात मी दिवसभर पाणी उकळलं. दोन्ही बर्नरवर दोन पातेली. उकळलं की बाहेर ओतायचं, पुन्हा भरायचं. घाम डोळ्यांत जात होता. पोरं बघायला जमली. लक्ष्मीमावशी सुपात विड्या घेऊन समोर येऊन बसली.

"काय चाललंय गं?"

"गॅस संपवतेय."

"आन हे पाणी कुणाला?"

"कुणाला नाही."

"आंघुळीला द्यावं म्हटलं तर या उन्हात गरम पाणी कोण घेतंय? कातडं सोलून निघंल." ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "अक्का असती तर तुला मुस्काटात दिली असती. नळाला पाणी चार दिसानं येतंय आन तू वतून देतीस."

ते खरं होतं. तू मला पाणी ओतू दिलं नसतंस. मी पातेलं खाली उतरवलं.

दुसऱ्या सकाळी मावशी डाळ घेऊन आली. "माजीच डाळ हाय. शिजवून दे, घरचा गॅस वाचतोय माजा." यात आक्षेप घेण्यासारखं काय होतं? तिच्यामागून गल्लीतल्या बाया आपापलं घेऊन यायला लागल्या. कुणी तांदूळ, कुणी हुलगे, कुणी नातवासाठी अंडी. शिजलं की आपापलं भांडं उचलून न्यायच्या. मला हे पसंत पडलं. प्रत्येकीचं धान्य प्रत्येकीच्या घरी, तुझं नाव कशातही नाही. मी ज्योतीसमोर बसून राहायचे आणि बाया गाडीच्या दारात बसून तुझ्या गोष्टी सांगायच्या. तू एकीच्या नवऱ्याला शाळेच्या फळ्यासमोर उभं करून बायकोच्या मजुरीचं गणित घातलंस, ते मला माहीतच नव्हतं. तू ते कधी सांगितलं नाहीस. अशा किती गोष्टी तू सांगितल्या नाहीस, हे मला आता इतरांकडून कळणार आहे, आणि त्याचा मला राग येतो.

असं काही दिवस चाललं. एवढा गॅस आत होता यावर माझाच विश्वास बसेना. आणि मग एका दुपारी कुणीच भांडं उचलून नेलं नाही. मी वळून बघितलं तर अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, पत्रावळी मांडल्या होत्या, आणि बाया आपापलं शिजलेलं एकमेकींच्या पानात वाढत होत्या. बाबा पंगतीच्या टोकाला बसले होते. त्याच वेळी मोरे सर फाटकातून आत आले.

त्यांनी पंगतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काय? आज तेरावा आहे ना तिचा?"

मी दिवस मोजलेच नव्हते. लक्ष्मीमावशीनं मोजले होते.

"मावशी, तुम्ही ठरवून केलंत हे?"

"व्हय, केलं की," ती पळी न थांबवता म्हणाली. "गॅस तुमचा, दिवस आमचा. तुला जेव म्हटलंय का कुणी?"

"पान वाढू नये, ही अक्काची शेवटची इच्छा, मंजू," मोरे सर हळू आवाजात म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तिची एक गोष्ट आपल्याला पाळता आली नाही."

माझा हात शेगडीच्या बटणावर गेला. बंद करायचं, पानं उचलायला लावायची, तुझं पत्रक वाचून दाखवायचं. ते मला तोंडपाठ आहे. पण बंद केलं तर टाकीत राहणार होता तो गॅस, गल्लीच्या मधोमध, गटाराच्या डोक्यावर. आणि उद्या कुणीतरी परत नळी सोडायला येणार होतं. एका हाताखाली तुझं वाक्य आणि त्याच हाताखाली या बायकांचे जीव. इतकी वर्षं मी पत्रकं लिहिली, अशा वेळेसाठी त्यांत एक ओळ नव्हती. मी बटणावरचा हात काढला. ज्योत चालू राहिली.

"सर, गॅस संपेपर्यंत चूल बंद होणार नाही," मी म्हणाले. "यांनी त्यावर काय शिजवावं आणि कुठं बसून खावं हे मी ठरवणार नाही. हे अक्काच्या इच्छेविरुद्ध आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगते."

"सांग की, सांग," मावशी म्हणाली. "अक्का बी सांगायची. सांगून झालं की जेवायची."

पंगत हसली. मोरे सर फाटक ओढून निघून गेले. मला जेवण गेलं नाही. मोहोळात तू का बसलीस ते यातून मला समजलं, असं मी लिहिणार नाही. कदाचित मावशी म्हणते तेच कारण असेल, कदाचित तुला भूक लागली असेल. तुझं उत्तर तुझंच होतं आणि ते तू घेऊन गेलीस. मला एवढंच दिसलं, की बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

चार वाजायच्या सुमाराला ज्योत बुटकी झाली, पिवळी झाली, बर्नरच्या एका बाजूला सरकली आणि गेली. आवाजसुद्धा झाला नाही. मी बटण बंद केलं, खाली वाकून टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, जोडांवर फेस लावून बघितला. मग दारावर खडूनं मोठं लिहिलं: टाकी रिकामी नाही. उद्गारचिन्ह लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसूअण्णांनी गाडी चालवली. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात त्या माणसांनी त्यांचं काम केलं. सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला लांब उभं केलं, नायट्रोजन भरला, सोडला, परत भरला, यंत्र लावून बघितलं, आणि मग नट खोलून टाकी उतरवली. गंजलेली, मातीनं माखलेली, वाटली होती त्यापेक्षा लहान. ती त्यांनी ठेवून घेतली. गाडीखाली चार रिकामी भोकं राहिली.

काल सकाळी बसूअण्णांनी पुन्हा मशीन लावलं. या वेळी त्यांनी स्वतःच पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या, मोटारसायकल लांब नेऊन लावली. मोरे सर आले होते. माझ्याशी बोलले नाहीत, पण चौकटीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. लक्ष्मीमावशी भिंतीपलीकडून बघत होती. बसूअण्णांनी तोंडावर काच ओढली आणि परत वर केली.

"टाकी न्हाय ते ठाव हाय मला. तरी बी भ्या वाटाय लागलंय, ताई. पेटवू का?"

टाकी नव्हती, नळी नव्हती, मी स्वतः बघितलं होतं. तरी माझी बोटं गाडीच्या पत्र्यावर घट्ट होती. इतक्या दिवसांनी बाबा बोलले.

"पेटव."

ठिणग्या उडाल्या. चाकावर पडल्या, जिथं तुझं डोकं होतं त्या मातीवर पडल्या, आणि विझल्या. काहीच झालं नाही. बसूअण्णा पुढच्या जोडाकडे सरकले. त्या काहीच न होण्याकडे मी बघत राहिले, आणि तेव्हा, अक्का, तू गेलीस हे मला कळलं.